माणसांचा हिशेब

मंडळी, मागच्या धड्यात आपण घरखर्चाची वही मांडायला शिकलो. जमा एका बाजूला, खर्च दुसऱ्या बाजूला, आणि खाली शिल्लक. आज तशीच एक वही मांडायची आहे. पण ती पैशांची नव्हे, माणसांची.

गावात माणूस दोनच वाटांनी येतो. एक तर तो गावात जन्मतो, नाहीतर बाहेरून राहायला येतो. जातोही दोनच वाटांनी. मरतो, किंवा गाव सोडून जातो. पाचवी वाट नाही. कोणतेही गाव घ्या, शहर घ्या, देश घ्या. तेथली लोकसंख्या या चार आकड्यांनीच वाढते किंवा घटते. 'लोकसंख्या' हा शब्द लांब दिसतो म्हणून घाबरू नका. लोक आणि संख्या, असे दोन तुकडे करून वाचा. लोक किती, तो आकडा म्हणजे लोकसंख्या.

आता एक उदाहरण पाटीवर मांडू. समजा, एका गावात १,००० माणसे आहेत. वर्षभरात २० मुले जन्मली. ७ माणसे वारली. लग्न होऊन ६ सुना गावात आल्या. लग्न होऊन गेलेल्या लेकी, शिकायला गेलेली मुले आणि कामधंद्याला गेलेली माणसे मिळून ३१ जणांनी गाव सोडले. हजारात वीस मिळवा, सात वजा करा, सहा मिळवा, एकतीस वजा करा. उत्तर येते ९८८.

पाहिलेत? मरणारांच्या जवळजवळ तिप्पट मुले जन्मली, तरी गाव बारा माणसांनी लहान झाले. म्हणून नुसता पाळणा किती वेळा हलला ते पाहून गाव वाढले की घटले हे सांगता येत नाही. गावाबाहेरची वाट कोण कोण चालून गेले तेही पाहावे लागते.

उदाहरण आम्ही रचले असले तरी गोष्ट खरी आहे. आमचा जिल्हा रत्नागिरी. सरकार दर दहा वर्षांनी माणसे मोजते, त्याला खानेसुमारी किंवा जनगणना म्हणतात. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसे होती. २०११ साली १६,१५,०६९ भरली. दहा वर्षांत ऐंशी हजारांहून जास्त माणसे कमी झाली. शेजारचा सिंधुदुर्गही त्याच दहा वर्षांत घटला. तेथे काही साथ आली नव्हती, दुष्काळ पडला नव्हता. (२०२१ ची खानेसुमारी कोरोनामुळे त्या वर्षी झाली नाही. म्हणून या धड्यात २०११ चेच आकडे घेतले आहेत.)

मग ही माणसे गेली कोठे? कोकणात हा प्रश्न कोणी विचारत नाही. उत्तर प्रत्येक घराच्या भिंतीवर फोटोत टांगलेले असते.

आमचे वडील गेले ते १९५० नंतरच्या चार-पाच वर्षांत. वय पंचविशीच्या आतबाहेर. भाऊच्या धक्क्याला बोटीतून उतरले आणि लालबागला एका चाळीत गेले. खोली कोणा एकाची नव्हती. आमच्या गावाची होती. दहा बाय बाराच्या त्या खोलीत गावचे पंधरा-सोळा पुरुष राहात. कोणी दिवसपाळीला, कोणी रात्रपाळीला. म्हणून एकाच वळकटीच्या जागेवर पाळीपाळीने झोपायला जमे. जेवण खानावळवाल्या बाईकडे. महिन्याला मनीऑर्डर गावी येई. पोस्टमन दिसला की आई हात पुसत बाहेर यायची. तिला सही येत नसे, अंगठा उठवायची. आम्ही अक्षरे शिकल्यावर पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर तिला नाव लिहायला शिकवले. पण तो विषय वेगळा.

मुंबई अशीच भरली. एकेकाळी ती सात लहान बेटे होती. १६६८ साली इंग्लंडच्या राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. पुढे बंदर वाढले, भरणी घालून बेटे जोडली गेली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८५६ साली कावसजी दावर यांची कापडगिरणी ताडदेवला चालू झाली. एकामागून एक गिरण्या निघाल्या, आणि गिरणीला माणसे लागतात. १८७२ च्या खानेसुमारीत मुंबईत ६,४४,४०५ माणसे मोजली. १९२१ साली ११,७५,९१४.

आता नीट ऐका. १९२१ साली मुंबईतल्या दर शंभर माणसांपैकी मुंबईत जन्मलेली किती होती? फक्त सोळा. बाकीची चौऱ्याऐंशी बाहेरून आलेली. त्यांत सर्वांत जास्त आपले रत्नागिरीकर. सातारा, पुणे, नगर, गुजरात, कच्छ, गोवा, उत्तर हिंदुस्थान, सगळीकडून लोक आले होते. म्हणजे त्या वेळी 'मुंबई कोणाची?' असे कोणी विचारले असते, तर शंभरातल्या चौऱ्याऐंशींना 'आमचे गाव दुसरे आहे' असेच सांगावे लागले असते.

आलेले होते बहुतेक पुरुष. १९२१ साली मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायका जेमतेम सव्वापाचशे होत्या. बायका गावी होत्या. शेत, म्हातारी माणसे आणि मुले सांभाळत होत्या. याची खूण अजून पुसलेली नाही. २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. आणि मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. एकाच वहीची ही दोन पाने आहेत.

जेथे बायका कमी तेथे जन्मही कमी. शिवाय जन्मलेले मूल जगेल तर ना! १९२१ साली मुंबईच्या नगरपालिकेच्या दप्तरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून जास्त बालमृत्यू नोंदलेले आहेत. हा आकडा वाचून आम्ही पहिल्यांदा वही मिटवून ठेवली होती. मग कळले की तो थोडा फुगलेला आहे. बायका बाळंतपणाला गावी जात, तेव्हा जन्म गावच्या दप्तरात लागे. मूल घेऊन परत येत आणि ते चाळीत दगावे, तेव्हा मरण मुंबईच्या दप्तरात लागे. पण फुगवटा काढून टाकला तरी जे उरते ते थोडे नाही. एका खोलीत दहा माणसे, संडास सामाईक, दूध नासके, आई कामावर. मूल कसे जगावे?

तेव्हा त्या काळातली मुंबईची वाढ पाळण्यांमुळे झालेली नव्हती, हे वहीत पक्के लिहून ठेवा. उलट साथ आली की शहर घटे. १८९६ साली मांडवी भागात प्लेगची गाठ दिसली. माणसे मेली, त्याहून अधिक पळाली. १८९१ साली आठ लाख एकवीस हजार असलेली मुंबई १९०१ साली सात लाख शहात्तर हजारांवर आली.

मग पाळण्याचा आकडा मोठा झाला केव्हा? येथे बहुतेक जण चुकतात. लोक म्हणतात, पूर्वी मुले बेताची होत, आता फार होतात, म्हणून माणसे वाढली. हिशेब उलटा आहे.

१९४१ ते १९५१ या दहा वर्षांत आपल्या देशात दर हजार माणसांमागे वर्षाला सुमारे ४० मुले जन्मत आणि सुमारे २७ माणसे मरत. शिल्लक तेरा. १९८१ साली जन्म ३४ वर उतरले होते, पण मृत्यू त्याहून झपाट्याने उतरून साडेबारावर आले होते. शिल्लक एकवीस! जन्म कमी झाले, आणि तरीही वाढ जास्त झाली. कारण पूर्वी जी मुले पाळण्यातच जात, ती आता जगू लागली. देवीची लस घराघरात पोचली. देवीचा शेवटचा रोगी आपल्या देशात १९७५ साली सापडला. हिवतापावर १९५३ पासून देशभर फवारणी सुरू झाली. अन्नधान्याची ने-आण सुधारली. २०२० साली जन्म साडेएकोणीस आणि मृत्यू सहा होते. म्हणजे शिल्लक पुन्हा तेरा-चौदाच्या घरात आली. आरंभी जी शिल्लक होती जवळजवळ तीच. पण त्या वेळच्या तेरांसाठी चाळीस बाया बाळंत होत आणि सत्तावीस घरांत रडारड होई.

आमच्याच घरचे सांगतो. आमच्या आईला सात बाळंतपणे झाली. जगलो आम्ही चौघे. आम्हां नवराबायकोला दोन मुले. दोन्ही जगली, शिकली. मुलगी डोंबिवलीला असते. तिला एकच मुलगी. नातीला आम्ही सांगतो की तुझ्या पणजीला सात मुले होती, तर ती विचारते, "मग तीन कुठे गेली?" तिच्या वयाच्या मुलीला हा प्रश्न पडावा, ही केवढी मोठी गोष्ट आहे! आमच्या लहानपणी असे कोणी विचारत नसे.

आमच्या रात्रीच्या वर्गात या हिशेबावरून एकदा चांगलीच जुंपली. पुढच्या रांगेत बसणाऱ्या एक काकू आहेत, सत्तरीच्या. त्यांचा मुलगा नालासोपाऱ्याला असतो. सुट्टीत नुकत्याच तिकडे जाऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, तुमचे आकडे राहू द्या. लोकलला पाय ठेवायला जागा नाही. ती सगळी बाहेरची माणसं! आणि पोरं तरी किती एकेकाला!"

आम्ही म्हटले, "काकू, तुमचे सासरे मुंबईला कधी गेले?"

"ते होय? ते लढाईच्या आधी गेले. गोदीत होते."

"तेव्हा त्यांना तिथं काय म्हणत असतील?"

काकू जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "घाटी म्हणत, असं सांगायचे. आपण कोकणातले, तरी घाटी!" वर्ग हसला. त्याही हसल्या. पण लगेच म्हणाल्या, "ते खरं, पण तेव्हा गाडीत जागा होती."

काकूंचे म्हणणे टाकाऊ नाही. जागा खरोखर कमी पडते आहे. १९५१ साली बृहन्मुंबईत सुमारे ३० लाख माणसे होती. त्यांत फाळणीमुळे घरदार सोडून आलेले सिंधी आणि पंजाबी कुटुंबकबिलेही होते. १९८१ साली ८२ लाखांवर गेली. २०११ साली १ कोटी २४ लाख. पाणी तेच, रूळ थोडेच वाढलेले, खोल्या त्याच. ज्याला उभे राहून दोन तास प्रवास करावा लागतो, त्याला राग येणारच. आमचा मुद्दा एवढाच की राग आला तरी आकडा नीट लिहावा.

आकडा काय सांगतो? जसजशा बायकाही मुंबईला आल्या, कुटुंबे राहू लागली, मुले जगू लागली, तसतसा वाढीतला जन्मांचा वाटा मोठा झाला. २००१ सालच्या मोजणीत मुंबईतली निम्म्याहून जास्त माणसे मुंबईतच जन्मलेली निघाली. म्हणजे कालच्या पाहुण्यांची मुले आजची घरची माणसे झाली. गर्दीतला मोठा हिस्सा तुमच्याआमच्या पुतण्यांचा, भाचरांचा आहे.

आणि 'पोरं किती' याचेही उत्तर आहे. एका बाईला तिच्या आयुष्यात सरासरी किती मुले होतात, हे सरकार पाहणी करून काढते. दोन माणसांच्या जागी दोन माणसे यावीत, तर हा आकडा दोनच्या किंचित वर, २.१ असावा लागतो. १९९२-९३ साली उत्तर प्रदेशात तो ४.८ होता. २०१९ ते २०२१ च्या पाहणीत २.४ निघाला. आपल्या महाराष्ट्रात त्याच पाहणीत १.७. देशाचा २.०. सगळेच उतरत आहेत. कोणी आधी उतरणीला लागले, कोणी मागाहून. जात, भाषा, प्रांत यांपेक्षा मुलगी किती वर्षे शाळेत गेली आणि झालेले मूल जगण्याची खात्री आहे की नाही, यावर हा आकडा जास्त हलतो. आईला सात का झाली? चौघे जगावेत म्हणून.

येथे एका माणसाचे नाव घेतलेच पाहिजे. र. धों. कर्वे. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव. मुले किती आणि केव्हा व्हावीत हे नवराबायकोने ठरवावे, बाईच्या शरीराचे हाल होऊ नयेत, हे सांगण्यासाठी त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. हो, तेच १९२१, ज्या साली दप्तरात सहाशे बालमृत्यू नोंदले गेले. त्यापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली. 'समाजस्वास्थ्य' हे मासिक त्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत तोट्यात चालवले, कोर्टात खेटे घातले. लोक त्यांना नावे ठेवत. त्यांच्यानंतर ज्या बायकांना सातऐवजी दोन बाळंतपणे झाली, त्यांतल्या कितींना त्यांचे नाव ठाऊक आहे कोण जाणे. १९५२ साली सरकारने कुटुंबनियोजनाचे काम हाती घेतले.

समजावून सांगणे ही एक गोष्ट आणि जबरदस्ती ही दुसरी. १९७६ साली, आणीबाणीत, नसबंदीच्या 'केसेस' आणण्याचे हुकूम शिक्षकांपर्यंत आले होते. आम्ही तेव्हा नुकतेच मॅट्रिक होऊन अध्यापनाचे शिक्षण घेत होतो. आमचे एक जुने गुरुजी डोके धरून ओट्यावर बसलेले आम्ही पाहिले आहेत. "बाबांनो, काल ज्याच्या पोराला मी पाढे शिकवले, त्याच्या दारात आज कोणत्या तोंडानं जाऊ?" असे म्हणत होते. त्या एका वर्षाने लोकांच्या मनात जी भीती बसली, तिने पुढे कित्येक वर्षे दवाखान्याच्या नर्सबाईला उंबऱ्यावरूनच परत पाठवले.

आता मुंबईचे शेवटचे पान. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा जुना भाग, वाढला नाही, घटला. ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर आला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे बहुतेक गिरण्या बंदच पडल्या. आमचे वडील त्या संपानंतर ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचे. गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. त्या उंच आहेत खऱ्या, पण त्यांत आपली माणसे कोठून राहणार? ती निघाली विरार, कल्याण, बदलापूरकडे. ठाणे जिल्हा त्याच दहा वर्षांत ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. रत्नागिरीत वजा, मुंबई शहरात वजा, ठाण्यात जमा. माणूस हवेत विरत नाही. तो कोणत्या ना कोणत्या पानावर सापडतोच.

आणि आमच्या शाळेचे पान? आम्ही नोकरीच्या आरंभी ज्या शाळेवर रुजू झालो, तेथे पटावर ६४ मुले होती. निवृत्त व्हायच्या सुमारास आम्ही तेथेच मुख्याध्यापक होतो आणि पट ११ वर आला होता. मुले कमी जन्मली हे एक, आणि जन्मलेली आईबापांबरोबर मुंबईला गेली हे दुसरे. दोन वजाबाक्या एकाच पाटीवर. पट कमी झाला की शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिळवण्याची गोष्ट निघते. वरून तशी विचारणा आली तेव्हा आम्हाला रात्रभर झोप लागली नाही. ओढा ओलांडून सहा वर्षांची पोर पावसात दुसऱ्या गावी कशी जाणार?

त्याच वर्षी जूनमध्ये एक बाई शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. बरोबर चार मुले. दोन तिची, दोन तिच्या जावेची. नेपाळची माणसे. आपल्याकडे हापूसच्या बागा राखायला आता नेपाळी कुटुंबे असतात, हे तुम्ही जाणताच. आपले तरुण मुंबईला, मग कलमांना पाणी घालणार कोण? तिला मराठी येत नव्हते. हाताने दाखवून म्हणाली, "नाम लिखो." आम्ही लिहिले. पट १५ झाला.

गावात कुरकुर झाली. "गुरुजी, ही बाहेरची पोरं, उद्या इथंच राहतील." आम्ही काही बोललो नाही. जुने मस्टर काढले आणि वडिलांची मनीऑर्डरची पावती त्यात खूण म्हणून ठेवली होती ती काढून पुन्हा तेथेच ठेवली. शाळा त्या वर्षी टिकली. पुढे किती वर्षे टिकेल ते पटावर आहे. त्या चौघांतली थोरली मुलगी आता सातवीत शुद्ध मराठी वाचते, आणि तिची आई आपल्याच रात्रीच्या वर्गात मागच्या बाकावर बसते. काकूंनी तिला 'क' गिरवून दाखवला.

आता घरचा अभ्यास. वहीच्या एका पानावर चार उभी घरे आखा. पहिल्यावर लिहा 'जन्मले', दुसऱ्यावर 'वारले', तिसऱ्यावर 'आले', चौथ्यावर 'गेले'. आजोबांपासून सुरुवात करून आपल्या घरातले प्रत्येक माणूस योग्य घरात लिहा. सुना 'आले' मध्ये येतील, लेकी 'गेले' मध्ये. लहानपणी वारलेली मुलेही लिहायची. नाव ठेवले नसेल तर 'बाळ' एवढेच लिहा. ग्रामपंचायतीत जन्ममृत्यूची नोंदवही असते, ग्रामसेवकांना विचारलेत तर साल पडताळून मिळेल. जो मुंबईला आहे पण मत गावी देतो, त्याला कोणत्या घरात लिहायचे यावर वर्गात वाद होणार आहे, तो आपण येत्या गुरुवारी करू. चुकले तर एक रेघ मारून वर नीट लिहा. पान मात्र फाडू नका.